विश्रामबागेतली पंगत

तवनाप्पांना काहीही बघायला पाठवा, वरवर बघून ते कधी परतायचे नाहीत. पुतणीचं स्थळ बघायला गेले होते, तर पाहुण्यांनी पोहे पुढं केले आणि हे उठून गोठ्यात. म्हशीच्या गळ्याखाली हात घालून गोचीड चाचपले, दाव्याचा वळ पडलाय का बघितलं, मग हात धुऊन सावकाश पोहे खाल्ले. "मुक्या जित्राबाला जपणारं घर हाय, पोरगी द्या," म्हणाले. दिली. अजून सुखात आहे ती.

तर असे हे तवनाप्पा, कवठे महांकाळच्या अलीकडच्या एका गावचे जैन शेतकरी, एक दिवस कुणालाही न कळवता एसटीनं सांगलीला आले आणि विश्रामबागेत उतरले. या वेळी बघायचं होतं ते पोटच्या मुलाचं बिऱ्हाड.

मुलगा म्हणजे सन्मती. चाळिशीला टेकलेला, पण बुद्धी जन्मापासून सावकाश चालणारी. पैसे मोजायला जमत नाहीत, एकट्यानं एसटी बदलायला जमत नाही. आईनं, कस्तुरीबाईंनी, त्याला आजवर तळहातावरच्या फोडासारखा जपला. पण त्यांचे गुडघे गेले, आणि आपल्यामागं याचं कसं, या घोरानं दोघांना अन्न गोड लागेना. म्हणून दिवाळीनंतर त्याला इथं ठेवलं होतं. एका संस्थेनं भाड्यानं घेतलेलं साधं घर. सन्मतीसारखीच आणखी तीन मोठी माणसं, आणि त्यांच्या सोबतीला दगडाबाई. निघताना कस्तुरीबाई म्हणाल्या होत्या, "मनाला पटलं न्हाई तर त्याला घेऊनच या. माझं गुडघं मी बघून घेईन."

फाटकाशी एक जाडजूड गडी पायरीवर बसून मटार सोलत होता. हा बाळासो, तिथंच राहणारा.

"कोण पायजे?"

"सन्मतीचा बाप हाय मी."

"आधार कार्ड दाखवा."

"अरं, तोंड बघ की माझं. त्याचंच नाक हाय."

बाळासोनं नाक नीट बघून घेतलं आणि आत हाक मारली, "दगडामावशे, सन्मतीचं नाक आलंय."

दगडाबाई पदराला हात पुशीत आली. आटपाडीकडची, धनगराची लेक. माहेरी बाळपण मेंढरांमागं गेलेलं. न कळवता का आलात, असं ती विचारेल आणि आपण तिला कोंडीत पकडू, असं तवनाप्पांनी मनात मांडलं होतं. ती म्हणाली, "आवं आप्पा, उन्हातनं आलाय, पाणी घ्या. मग काय बघायचं ते बघा."

मग काय, तवनाप्पा लागले कामाला. तांबे उलटे करून त्यांची बूडं बघितली. दोरीवरचे टॉवेल हुंगले. तांदळाच्या डब्यात हात घालून तांदूळ नाकाशी नेले. न्हाणीच्या दाराला आतून कडी होती, बाहेरून नव्हती. हे मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा बघितलं. मोठ्या माणसांना कोंडून ठेवणाऱ्या जागांच्या गोष्टी त्यांच्या कानावर आल्या होत्या, आणि खोल्यांच्या दारांवर बाहेरची कडी कुठंच सापडेना.

"पोरं पळून गेली तर?" त्यांनी विचारलं.

"पोरं म्हणू नका आप्पा, बाळासोला राग येतोय. बेचाळीसचा हाय त्यो. आणि पळून कुठं जातील? मारुतीच्या पारापतुर जात्यात आणि भूक लागली की येत्यात."

सन्मतीच्या खोलीशी आल्यावर तवनाप्पांनी सरळ दार ढकललं, तशी दगडाबाईनं हात आडवा घातला.

"वाजवा आधी."

"माझ्याच पोराचं दार वाजवू?"

"त्याचंबी दारच हाय की."

तवनाप्पांनी वाजवलं. आतून आवाज आला, "थांबा."

आणि खरंच थांबवलं की हो त्यानं. उभ्या जन्मात मुलानं बापाला थांबवलं नव्हतं. बऱ्याच वेळानं दार उघडलं, तर सन्मती झेंडूच्या फुलासारखा पिवळाधमक शर्ट घालून उभा. आई त्याला नेहमी पांढराच घ्यायची.

"हा कुणी घेतला?"

"मी," सन्मती म्हणाला. "दुकानात. बोट दाखवलं."

तवनाप्पांनी त्याची नखं बघितली, कानामागं बघितलं, पाठीवरनं हात फिरवला. अंग भरलं होतं. खोट सापडेना, आणि खोट सापडेना म्हटल्यावर त्यांना आणखीच चैन पडेना.

दिवस कलायला लागला तसं दगडाबाईनं दोन ताटं वाढली. मावळतीच्या आत जेवून घ्यायचं, दिवस बुडाल्यावर अन्न शिवायचं नाही, ही जैन घरांतली रीत. त्या जेवणाला अनथऊ म्हणतात. भाजीत ना कांदा ना लसूण. बापलेक शेजारी बसून जेवले. इथवर सगळं ठीक होतं. सन्मतीला सोबत घेऊन परतायचं कारण काही उरलं नव्हतं.

पण दिवेलागण झाली आणि बाकीच्यांच्या जेवणाची वेळ आली. तवनाप्पा बाहेरच्या खोलीतून बघतात तर काय, तिघं सतरंजीवर पंगत धरून बसलेत आणि त्यांचा लेक कमरेला टॉवेल गुंडाळून आमटीची बादली घेऊन वाढतोय. वाकतोय, पळीतलं सांडू नये म्हणून जीभ बाहेर काढतोय.

"बादली ठेव खाली," तवनाप्पा दारातूनच म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण तिघांचे हात ताटातच थांबले. "दगडाबाई, लेकाला सांभाळायला ठेवलाय, वाढपी म्हणून न्हाई. सन्मती, पिशवी भर."

सन्मतीनं बादली खाली ठेवली नाही. उलट ती घट्ट धरली.

दगडाबाई म्हणाली, "आप्पा, चूक झालती माझी, ती निराळीच. पयल्यांदा हा सांजचं, दिवस असतानाच जेवायचा आणि बाकीचे जेवताना मी त्याला खोलीत टीव्ही लावून द्यायची. म्हटलं, समोर बसून वास कशाला घ्यायचा. तर हा दार उघडून इथं येऊन उभा. रोज. मग सगळ्यांनाच सांजचं वाढलं, तर ह्यो बाळासो निजायच्या वक्ताला डबं उचकायला लागला."

"भूक लागती," बाळासो म्हणाला.

"मग रविवारी सगळ्यांना बसवून विचारलं, काय करूया. हा म्हणाला, मी वाढतो. म्या न्हाई सांगितलं."

"तरी पण वाढप्याचं काम ते."

"बरं. तुमच्या गावात लग्नाच्या पंगतीला कोण वाढतंय?"

"कोण म्हंजे? आमी भावकीच. परक्याच्या हातात बादली देतोय काय कोण? मानाची असती ती."

"मग सन्मतीला कवा दिली?"

तवनाप्पांना गावातली लग्नं आठवली. दर लग्नात सन्मती बादलीशी यायचा. दर लग्नात कुणी तरी, बहुतेक वेळा ते स्वतःच, ती काढून घ्यायचे. सांडेल म्हणून. पाहुणे हसतील म्हणून.

ते भिंतीला टेकून खाली बसले. मग त्यांनी मुलाला ते विचारलं, जे घरात कधी कुणी विचारलं नव्हतं. "सन्मती, घरी यायचंय का हितं राहायचंय? तू सांगशील तसं."

सन्मतीनं बराच विचार केला. आमटी निवत होती; बाळासो म्हणाला, "लवकर सांग रं गड्या." सन्मती म्हणाला, "जत्रेला येतो. मग परत."

"जत्रेला पंगत असती," तवनाप्पा म्हणाले.

"मी वाढणार."

"वाढ. भावकीला मी सांगतो."

एवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. कस्तुरीबाई होत्या. "काय बघितलंसा? घेऊन येताय काय त्याला?"

"त्यालाच विचार," म्हणून तवनाप्पांनी फोन सन्मतीच्या कानाशी धरला. सन्मतीनं मान बाजूला केली.

"आई, आता न्हाई. वाढतोय," तो म्हणाला आणि बादली घेऊन बाळासोपुढं वाकला.