गाव कुठलं, असं विचारलं तेव्हा

कृष्णेचं पाणी वेशीत शिरलं तेव्हा आम्हाला होडीतून काढून सांगलीबाहेर, विश्रामबागेच्या बाजूच्या एका पत्र्याच्या शेडात आणून ठेवलं. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, म्हणजे इंग्रजांच्या मुलखातलं. सांगली संस्थानाची. आपण दुसऱ्याच्या हद्दीत बसलोय, ही धास्ती शेडात सगळ्यांनाच होती.

मी फलटणकडची. दुसरीतून शाळा सुटलेली, नदीला पूर येतो हे लग्नानंतरच पाहिलेलं. मांडीवर दात यायच्या वयाची लेक होती, आणि तिला जुलाब लागले होते.

दवाखाना इथल्या रयतेपुरताच आहे, बाहेरचा आजारी निघाला तर हद्दीपार सोडतात, अशी कुजबुज होती. खरं-खोटं कुणाला विचारणार? सासूबाईंनी, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, लेकीला आपल्या पदराखाली घेतलं.

"रडू दिऊ नगंस. हवं तर त्वांड दाब."

दाबायची गरजच नव्हती. सकाळपासून ती रडलीच नव्हती. डोळे खोल गेले होते.

नर्सबाई एकेकाला विचारत आमच्यापाशी आल्या. "गाव कुठलं, आजी?"

आत्याबाईंनी आपलं माहेर सांगितलं. ते संस्थानातलं होतं.

"ते तर माळावरचं. तिथं कुठला पूर?"

"आवं, आमी पावनं म्हणून गेल्तो नदीकडं."

शेजारची म्हातारी फिसकन हसली. "व्हय, चूल-भांडी घिऊन पावनी!"

नर्सबाई माझ्याकडे वळल्या. "आणि तू कुठली गं?"

"फलटणची."

खोटं नव्हतं, पण फलटण तिसरंच संस्थान, त्याचा काही उपयोगही नव्हता. नर्सबाई तिथंच जमिनीवर बसल्या. "अगं, कुठलं पाणी प्यालात ते कळावं म्हणून विचारतेय. त्याच पाण्यावरचे आणखी कोण आहेत, ते बघायला हवं. हाकलायला नाही विचारत."

आत्याबाईंनी पदर आणखी घट्ट धरला. त्यांनी सांगितलेलं खोडायची माझी कधी छाती झाली नव्हती. पण पदराखाली काहीच हलत नव्हतं. मी पदर ओढला.

"लेकरू न्हाई रडत, बाई. आमी पुराचंच पानी प्यालो."

त्यांनी मिरजेच्या दवाखान्यात न्यायला टांगा बोलावला. रस्ताभर मी तिच्या नाकाशी बोट धरून होते. दवाखान्याच्या दारात कुणीतरी राज्य विचारेल, याचीच भीती. कुणी विचारलं नाही. लेकीला आत घेतलं, मांडीत सुई टोचून मिठाचं पाणी सोडलं. आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो. आत्याबाईंनी माझ्याकडून तोंड फिरवलं होतं.

त्या नर्सबाईंचं नाव विचारायचं राहिलं. आता वर्षं लोटली, इतक्या लांब येऊन पडले, तरी दिवा लावताना त्या आठवतात. आणि घरातलं मूल जरा जास्त वेळ गप्प राहिलं, की अजून उठून बघते.

त्या दिवशी उन्हं कलताना दवाखान्यात आतून बारीक किरकिर ऐकू आली. मग मोठं भोकाड. आत्याबाई धडपडत उठल्या, दाराशी गेल्या.

"रड गं माझे बाय," त्या म्हणत होत्या, "लय रड."