पूजेला मांडलेलं लोखंड

आमचे हे, म्हणजे भाऊसाहेब, आयुष्यभर लोखंडाशी बोलले. माझ्याशी त्या मानाने कमीच. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढली आणि डाव्या हाताची दोन पेरं तिथल्या प्रेसला देऊन आले. तो निरोप घेऊन कारखान्याचा माणूस दारात उभा राहिला, तेव्हा मी कणीक मळत होते. तेव्हापासून यांना यायला दहा मिनिटं उशीर झाला तरी माझे हातपाय गार पडतात. इतकी वर्षं झाली, पण ते काही जात नाही.

चार वर्षांपूर्वी आम्ही लेकीकडे कॅनडात, सस्काटूनला आलो. अक्षता इथे हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, जावई अनिश पोटॅशच्या खाणीत इंजिनिअर. नात ऊर्मी सहा वर्षांची. मला वाटलं, आता तरी हा माणूस स्वस्थ बसेल. पण हे दोन महिन्यांत घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्या खोलून, साफ करून, परत लावून बसले. शेवटी अनिशने बेसमेंटच्या एका कोपऱ्यात टेबल आणि लोखंड घट्ट धरून ठेवणारा व्हाइस बसवून दिला. दुसऱ्या कोपऱ्यात ऊर्मीची खेळणी. आजोबा-नातीचं तिथे छान जमायचं, आणि मी वर निवांत असायचे.

शहरापासून तासाभरावर ओरेस्ट नावाचा म्हातारा शेतकरी आहे. आम्ही त्याच्याकडे बटाटे आणायला जायचो. एकदा त्याच्या कोठारात कोपऱ्यात पडलेला एक गंजका तुकडा यांनी उचलला, अंगठ्याने चाचपला आणि म्हणाले, “हे ट्रॅक्टरचं नाही.” नव्हतंच. महायुद्धाच्या काळात ओरेस्टच्या वडिलांच्या शेतात एक पिवळं विमान कोसळलं होतं. या माळरानावर तेव्हा वैमानिक तयार करत. आकाश मोकळं, जमीन सपाट, शत्रू हजारो मैल लांब. तरी पोरं मरत. लढाई डोळ्यांनी बघायच्या आधी, शिकता शिकताच मरत.

झालं, भाऊसाहेबांना नाद लागला. “मशीन उगाच पडत नाही,” असं म्हणून हे ओरेस्टच्या पिकअपमधून शेतं पालथी घालायला लागले. ओरेस्टच्या गावच्या छोट्याशा संग्रहालयात डोना नावाची बाई अशा अपघातांच्या नोंदी ठेवते, तिच्याशी गट्टी झाली. यांनी एक वही केली आणि टूलरूमच्या सवयीने तिच्यात रकाने आखले. तारीख, जागा, नाव, वय, आणि शेवटचा रकाना, ‘काय झालं’. त्या शेवटच्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक ओळीत एकच शब्द होता. गेला.

ती वही मी एकदाच वाचली. एकोणीस, वीस, एकोणीस, बावीस. लोकांच्या पोरांची वयं, आमच्या यांच्या वळणदार अक्षरात. एकदा मला बरोबर नेलं होतं, तेव्हा हे टोपी काढून गव्हाच्या खुंटांत उभे राहिले आणि त्या पोरांची नावं हळू आवाजात वाचली. मला तिथे उभं राहवेना. चहूकडे झाड नाही, घर नाही, नुसता वारा, आणि सारखं वाटायचं की वरून काहीतरी येतंय. मी गाडीत जाऊन बसले ते बसलेच. परत कधी गेले नाही.

गेल्या सप्टेंबरमध्ये कापणी झाल्यावर ओरेस्टला शेतातले दगड वेचताना एक वस्तू सापडली. हातभर लांब, जाडजूड, शेपटीला पत्र्याच्या पाकळ्या, पुढे बूच. “विमानाचाच पार्ट असेल,” म्हणून त्याने ती यांना दिली. माझ्या ओट्यावरच्या पुसण्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन, हे तासभर पिकअपमधून घरी आले. पुढचे दोन आठवडे तारेच्या ब्रशने ती घासत होते. खालून खर्र खर्र आवाज यायचा. मी वरून ओरडायचे, “अहो, जेवायला या.”

दसरा शनिवारी होता. अक्षताला हॉस्पिटलमध्ये शिफ्ट, अनिश खाणीवर. घरात आम्ही तिघंच. कारखान्यात असताना भाऊसाहेब मशीनला हार घालायचे, ती सवय इथेही सोडली नाही. टेबलावर धूतवस्त्र अंथरलं. व्हर्निअर, हातोडी, कानशी, अनिशचा विंटर टायर्सचा पाना, सगळं ओळीने मांडलं, आणि मधोमध मानाने ती वस्तू. यांच्या लेखी ती त्या पोरांची आठवण होती. हळदकुंकू वाहिलं, दुकानातून आणलेली शेवंतीची फुलं वाहिली, उदबत्ती लावली, आणि वस्तूपासून वीतभर अंतरावर तुपाचं निरांजन ठेवलं. ऊर्मीला स्टुलावर बसवून हातात तुपाची वाटी आणि चमचा दिला. “ज्योत बारीक झाली की चमचाभर घालायचं. दिवा विझू द्यायचा नाही. मी सांगेपर्यंत जागा सोडायची नाही. जमेल?”

“आय कॅन डू इट, आजोबा,” ती म्हणाली. पोर इमानी आहे, जे सांगाल ते करते.

यांनी पूजेचा फोटो काढला आणि हौसेने डोनाला पाठवला. मग वर येऊन श्रीखंडाची चव बघायला म्हणून माझ्याजवळ उभे राहिले. फोन वाजला. यांनी स्पीकरवर टाकला. यांचं इंग्रजी बेताचं, पण डोना इतकं सावकाश बोलत होती की मलासुद्धा कळत होतं. “भाऊ, ती वस्तू कुठे आहे? घरात? भाऊ, तो सरावाचा बॉम्ब आहे. त्यातली दारू जिवंत असू शकते. हात लावू नका. धक्का लागू देऊ नका. सगळे बाहेर पडा. आत्ता.”

यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. पेरं गेली त्या दिवशीही नाही. आम्ही दोघांनी एकदमच जिन्याकडे पाहिलं. खालून ऊर्मीच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता.

मी हाक मारणार होते, यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. खरंच होतं, हाकेने पोर दचकली असती. हे एकेक पायरी उतरायला लागले. मी वरच्या पायरीवर कठड्याला धरून उभी राहिले. तिथून मला दिसत होतं. ऊर्मी टेबलावर अर्धी ओणवी होऊन चमच्याने तूप घालत होती आणि तिचं कोपर त्या पत्र्याच्या पाकळ्यांना लागत होतं.

“ऊर्मी, बाळा,” हे अगदी साध्या आवाजात म्हणाले, “वाटी तिथेच ठेव. टेबलाला धक्का न लावता खाली उतर आणि माझ्याकडे ये.”

“बट यू सेड डोंट लीव्ह इट.”

“हो. मी म्हणालो होतो.”

“इट विल गो आउट, आजोबा.”

लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली. या माणसाच्या तोंडून एक वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं, ते त्या दिवशी बेसमेंटमध्ये ऐकलं. “मी चुकलो, बाळा. माझं चुकलं. ये.”

तिने वाटी ठेवली. स्टूल जरासं करकरलं. मग ऊर्मी यांच्या हातात होती, आणि हे जिना चढत होते.

आम्ही घरातल्या चपलांवर रस्त्यावर आलो. ऑक्टोबरचा वारा, अंगावर जॅकेट नाही, माझ्या हाताला श्रीखंड तसंच. डोनाने पोलिसांना कळवलं होतंच. त्यांनी आजूबाजूची घरं रिकामी केली आणि सगळ्यांना एका सिटी बसमध्ये बसवलं. खाली दिवा जळत होता, आणि कोणी आत जाऊन तो विझवणार नव्हतं.

“किती तूप घातलंस गं?” मी ऊर्मीला विचारलं.

“अ लॉट,” ती अभिमानाने म्हणाली. “सो इट वोन्ट डाय.”

बसमध्ये भाऊसाहेब माझ्याशेजारी बसले होते. खिडकीकडे बघत म्हणाले, “काल त्या वस्तूचं बूच मी व्हाइसमध्ये धरलं होतं. गंजामुळे फिरेना, म्हणून तेल सोडून ठेवलं. आज उघडणार होतो. मग लक्षात आलं, आज दसरा. पूजेतल्या हत्याराला आज हात लावायचा नाही. म्हणून उद्यावर ठेवलं.”

मला यांचा इतका राग आला की वाटलं, याच बसमधून पुण्याला निघून जावं. आणि भीती इतकी, की यांचा तो पेरं तुटलेला हात मला सोडवेना. आवाज येईल, आत्ता येईल, म्हणून मी तीन तास कान देऊन बसले होते. अक्षता हॉस्पिटलच्या कपड्यांतच धावत आली, ऊर्मीला छातीशी धरून बसली आणि वडिलांकडे तिने पाहिलंही नाही.

दुपारी बॉम्बपथकातला एक अधिकारी बसमध्ये आला. वस्तू त्यांनी वाळू भरलेल्या पेटीतून नेली होती. दारू जिवंत होती, म्हणाला. घर पडलं नसतं, पण जवळ बसलेलं माणूस... इथे त्याची नजर ऊर्मीवर गेली आणि त्याने वाक्य सोडून दिलं.

“आणि दिवा?” यांनी विचारलं.

“आम्ही गेलो तेव्हा जळत होता, सर.”

अक्षता नऊ दिवस यांच्याशी बोलली नाही. दहाव्या दिवशी तिने पानात पोळी वाढली, एवढंच. व्हाइस अनिशने काढून ठेवला. मी अजून दिवसातून दोनदा बेसमेंटमध्ये उतरते आणि टेबलाखाली बघून येते. काही नसतं. तरी बघते.

आठवड्यापूर्वी कपाट आवरताना ती वही हाताला लागली. न उघडताच ठेवून देणार होते, पण उघडली. पिवळ्या विमानांची शेवटची नोंद संपते, तिथे खाली एक ओळ आहे. अक्षर यांचंच, पण वळण गेलेलं. तारखेच्या रकान्यात दसऱ्याचा दिवस. जागेच्या रकान्यात आमच्या घराचा पत्ता. नाव ऊर्मी, वय सहा. शेवटच्या रकान्यात आधी काहीतरी लिहायला घेतलं होतं. ते इतक्या वेळा गिरवून खोडलंय की कागद फाटलाय. त्याच्या पुढे लिहिलंय, वाचली.