गल्ल्यावर कोण बसतं?

"ते राहू द्या. गल्ल्यावर कोण बसतं, ते सांगा."

दुकानाचा जीएसटी नंबर काढायला आलेल्या माणसाला मास्तरांचा पहिला प्रश्न हा. आधार, पॅन, लाइटबिल सगळं नंतर. पूर्वी ते टायपिंग शिकवायचे, म्हणून मास्तर. वसमतच्या बसस्थानकाजवळ एका जिन्याखाली त्यांचं टेबल होतं. बरोबर समोर, पहिल्या मजल्यावर माझं ऑफिस, कामही तेच. एसी, काचेचं दार, पाटीवर नावापुढे दोन पदव्या. आणि गर्दी कुठे, तर जिन्याखाली! आता तुम्हीच सांगा, माणसानं जळू नये तर काय करावं?

मी मनापासून जळायचो. पावसाळ्यात त्यांच्या टेबलावर गळतं का, हे खिडकीतून बघायचो. गळायचं नाही.

कुरुंदा गावचं एक घर माझं गिऱ्हाईक होतं. तीन भाऊ. एकाचं खताचं दुकान, एकाचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं, आणि शिवाय हळद दळून पावडर विकायचा नवा धंदा. पावडरीचा अर्ज मी थोरल्याच्या नावानं भरला. नाव थोरल्याचं घालायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. तपासणीला जीएसटीचे साहेब गेले तेव्हा थोरले शेळ्या घेऊन माळावर. त्यांना बोलावून आणलं. साहेबांनी विचारलं, "माल कुठून घेता?"

"मला काय ठावं? बारक्याच्या मंडळीला इचारा. तीच पाहून राहिली समदं."

अर्ज नामंजूर झाला. पुढच्याच आठवड्यात ते अख्खं घर जिन्याखाली उभं. मास्तर भावांशी बोलतच नव्हते. बारक्याच्या बायकोला विचारत होते, "बाई, नाव तुमचंच टाकू ना? मोबाइल बी तुमचाच लागंल. दुसऱ्याचा चालत न्हाई."

हा टोमणा मला होता, असं मला अजून वाटतं. कारण माझ्या सगळ्या अर्जांवर मोबाइल नंबर माझा असायचा. ओटीपी आपल्याकडे आला की गिऱ्हाईक जातंय कुठे, असा माझा हिशोब. तरी ते घर गेलंच.

माझ्या ऑफिसच्या खाली आमचंच झेरॉक्सचं दुकान आहे. एकदा मास्तर तिथे प्रती काढायला आले. मी दारातच होतो.

"साहेब, ह्या दुकानाचा नंबर कोणाच्या नावावर हाय?"

"माझ्या. जागा माझी आहे."

"बराबर. आन् गल्ल्यावर कोण बसतं?"

गल्ल्यावर माझी बायको बसते. बारा वर्षं झाली. मला रागच आला. "मास्तर, तुम्ही तुमचं बघा," म्हणालो. ते "व्हय, व्हय" करत कागद घेऊन गेले.

गेल्या दिवाळीनंतर त्यांना दिसेनासं झालं. लेकीकडे पुण्याला जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी ते धापा टाकत माझा जिना चढून आले आणि फायलींच्या दोन पिशव्या माझ्या टेबलावर ठेवल्या.

"ही घरं आता तुमी सांभाळा. मानसं चांगली हायेत."

शरम वाटावी इतका आनंद झाला मला. जिंकलो, असंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी फायली उघडल्या. प्रत्येकीवर वरच एक फोटो, दुकानापुढे उभ्या असलेल्या माणसाचा. कुरुंद्याची ती बाई होती, वारंगा फाट्यावरची पंक्चरवाल्याची म्हातारी होती. सगळ्यात खालच्या फायलीवर माझी बायको होती.

आमच्याच दुकानापुढे उभी, हसत. मी काढलेल्या एकाही फोटोत ती अशी हसलेली नाही. अर्ज पूर्ण भरलेला. मोबाइल तिचा. फक्त जागामालकाच्या संमतीपत्रावर सहीची जागा कोरी, आणि शेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं : 'साहेबांना सवडीने विचारावे.'

मी फाइल घेऊन तडक खाली गेलो. "तू त्यांच्याकडे गेलीस? माझं ऑफिस डोक्यावर असताना?"

"त्यांनी इचारलं," मशीनचं झाकण लावत ती म्हणाली. "तुमी कधी इचारलं का?"

गल्ल्यापाशीच उभा राहून, तिच्याकडूनच पेन मागून घेऊन, मी सही केली. समोर जिन्याखालचं टेबल सकाळीच उचललं होतं. मी त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिलो, आणि खरं सांगतो, इतका मी मास्तरांवर कधीच जळलो नव्हतो.