मिस्त्रीचा कान

मिस्त्रीला सगळे 'कान' म्हणायचे. बॉनेट उघडायच्या आधीच तो गाडीचा रोग सांगायचा. पण त्याच कानांशेजारी तीस वर्षं ग्राइंडर किंचाळला, आणि बोळाभर कापूस द्यावा असं एकाही मालकाला सुचलं नाही. गेल्या वर्षी बारीक आवाज जायला लागले: आधी कुकरची शिट्टी ऐकू येईना, मग पाखरांची किलबिल गेली. मिस्त्रीने बायकोलाही ताकास तूर लागू दिली नाही. कान गेला म्हणजे मिस्त्री गेला, एवढं त्याला कळत होतं.

सोमवारी नर्सबाई आल्या. घरोघर जाऊन बाळंतपणं करणाऱ्या. त्यांची गाडी रेस दाबल्याशिवाय चालू होत नव्हती, आणि पाय काढला की धापा टाकून बंद पडत होती. मिस्त्रीने प्लग बदलले, तशी ती रेसशिवाय कशीबशी चालू राहिली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला लावली. खुटखुट नाही, काही नाही.

"न्या सिस्टर. लोण्यासारखी चालतेय."

बुधवारी दुपारी गाडी दोरीने ओढत आली.

"लोणी ना?" नर्सबाई कडाडल्या. "रेल्वेच्या रुळांवर वितळलं तुमचं लोणी! फाटक पडत होतं. चौघांनी गाडी ढकलली म्हणून मी उभी आहे तुमच्यापुढे. मागच्या सीटवर दिवस भरलेली पोर होती, मिस्त्री."

 मिस्त्रीने रेसवर वीट ठेवून गाडी चालू ठेवली, स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली. नुसती धडधड.

"काय ऐकू येतंय?"

"येतंय ना... कचरा असेल जरासा."

बोलता बोलता त्याने फडक्याला हात पुसले.

"बरं. पाचला परत फाटकापलीकडे जायचंय मला. नेऊ?"

फाटक, रूळ, मागच्या सीटवरची पोर. मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"नेऊ नका," तो पुटपुटला. "मला ऐकू येत नाही."

"मोठ्याने बोला, इंजिन चालू आहे!"

"मला ऐकू येत नाही!" मिस्त्री ओरडला. शेजारचा पंक्चरवाला हातातली ट्यूब सोडून बघत राहिला.

 नर्सबाईंनी स्क्रूड्रायव्हर घेतला, रोग्याची छाती तपासावी तशा वाकल्या.

"काय ऐकू?"

"धडधड सोडा. साप फुत्कारल्यासारखं कुठे होतंय का बघा."

"इथे. सूंऽऽ."

हवेच्या बारक्या रबरी नळीला खालून नखाएवढी चीर होती. मिस्त्रीने ती चिमटीत दाबली. इंजिनाच्या धापा थांबल्या.  नवी नळी बसली, रेसवरची वीट काढली तरी गाडी बंद पडेना, पण मिस्त्री तिथून हलेना.

"झालं की, मिस्त्री. आता काय?"

"या वर्षात कितीतरी गाड्या अशाच सोडल्यात मी. शाळेची व्हॅनसुद्धा. तिचीही हीच तक्रार होती."

नर्सबाईंचा चेहरा उतरला. "लावा फोन. आत्ताच्या आत्ता."

मिस्त्रीने व्हॅनवाल्याचा नंबर लावून फोन कानाला घट्ट दाबला. शाळा सुटायची वेळ झालेली. पलीकडे घंटी वाजतेय की नाही, हेच त्याला कळेना. नर्सबाईंनी फोन हिसकावून आपल्या कानाला लावला.

"वाजतोय," त्या म्हणाल्या. "कोणी उचलत नाहीये."