पुटपुटलेला दम

मांजर्लीच्या मैदानावर शलाका चढाईला निघाली की समोरच्या पोरी आधीच एक पाऊल मागे सरत. अंगाने बेताचीच, पण तिचं 'कबड्डी कबड्डी' रस्त्यापलीकडच्या वडापावच्या गाडीपर्यंत ऐकू जायचं. आता ती नव्या पोरींना शिकवते आणि एकाच गोष्टीवरून त्यांना पिडते, "मोठ्याने म्हण गं. पुटपुटलेला दम पंच धरत नाही, बाद देतो."

याच शलाकाला मधे टीबी झाला. पोरगी वाळून काडी झाली, जिना चढताना मधेच बसायला लागली. गोळ्यांनी जीव मळमळायचा, तरी तिने एकही चुकवली नाही. तिच्या आईने, शालनने, मात्र आजाराचं परस्पर बारसंच करून टाकलं. "टायफॉईड सांगायचं. त्याला कोणी नाव ठेवत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

शलाका बरी झाली, पुन्हा खेळली. कबड्डी मंडळाने मैदानावरच सत्कार ठरवला. त्यातच अंबरनाथच्या सुजितचं स्थळ जुळलं. मुलगा तिला मनापासून आवडला होता, हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं सोपं वाटेल.

सत्काराच्या आदल्या संध्याकाळी सरावात, तिच्या नव्या पोरींपैकी उन्नती खोकला गिळताना दिसली. कितीतरी दिवस हेच चाललं होतं.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"कशाला ताई? तुमचा टायफॉईड जिद्दीने गेला ना, तसं माझं पण जाईल." मग हळूच म्हणाली, "डॉक्टर टीबी बोलले तर? आई बोलते, मग पोरीला कोण करून घेणार?"

  शलाकाच्या स्वतःच्या घरातही हेच ठरलेलं होतं.

सकाळी तिने आईला सांगितलं, आज सगळ्यांसमोर खरं बोलणार. शालन पोळी लाटता लाटता थांबली. "सुजितच्या घरचे पहिल्या रांगेत बसणारेत. हात दाखवून अवलक्षण करू नकोस."

शाल झाली, नारळ झाला. "टायफॉईडवर जिद्दीने मात!" म्हणत अध्यक्षांनी तिच्या हातात माईक दिला. समोर सुजित हसत होता.

"मला टायफॉईड नव्हता," ती म्हणाली. पुढचा शब्द ओठातच राहिला.

"ताई, ऐकू नाही आलं," मागून तिच्याच पोरी ओरडल्या.

अजूनही सावरून घेता आलं असतं. तिने छाती भरून श्वास घेतला.

"टीबी होता. जिद्दीने नाही, गोळ्यांनी बरा झाला. रोज घेतल्या म्हणून."

वडापाववाल्याने मान वर केली. सुजितच्या आईने पर्स उचलली आणि ती उठली. सुजित अर्धवट उठून पुन्हा बसला, मग तोही तिच्या मागे गेला. शालनने पदर तोंडाला लावला. शलाकाला रडू फुटलं, आणि तिने ते लपवलं नाही.

तेवढ्यात मागच्या रांगेत उन्नतीला खोकला आला. या वेळी तिने तो गिळला नाही.