उत्तर घळीतला मेंढा

२३ ऑगस्ट १९९८. डॉसन खोऱ्याच्या उत्तर घळीत रानमेंढे सात, माणूस एक.

तो माणूस लोवेल स्ट्राउड. वायोमिंगमधल्या आमच्या गावात कालव्याचे पाणी शेतांना सोडण्याचे काम तो करी. इथला पाण्याचा कायदा कठोर आहे. ज्याच्या आजोबाने आधी पाट खणला त्याचे रान आधी भिजते; उरले तर इतरांचे. कोरड्या उन्हाळ्यात मित्राच्या शेताच्या पाण्याचे दार बंद करतानाही लोवेल कधी कचरला नाही. अनुक्रम म्हणजेच न्याय, हे त्याच्या अंगात मुरले होते.

रानमेंढ्याच्या शिकारीचा परवाना मात्र सोडतीने मिळतो. बहुतेक परवाने जुन्या अर्जदारांसाठी राखलेले असतात, थोडे कोणाच्याही नशिबाला सोडलेले. लोवेल बावीस वर्षे अर्ज करत होता. त्या वर्षी त्या थोड्यांतला एक परवाना शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या त्याच्या धाकट्या बहिणीला, नडीनला, पहिल्याच अर्जात लागला.

त्या ऑगस्टच्या शेवटी ती लोवेलसमोर टेबलावर नकाशा पसरून बसली. शेजारी तिचा नवरा गस पाय चोळत होता.

“तोंड असं का केलंयस? कुणी गेलं का?”

“अभिनंदन केलं की तुझं.”

“केलंस. दाढ उपटून घेताना करतात तसं!”

“पुढच्या वर्षी कुत्र्याच्या नावानं अर्ज टाक, लोवेल,” गस म्हणाला. “तुझं नाव सोडून घरात सगळ्यांना लागेल.”

लोवेल हसला नाही. “तंबू इथे टाका,” तो पेन्सिलीने खूण करत म्हणाला. “अंधारातच वर चढा. मेंढ्यांची नजर खाली असते, वरून कुणी येईल हे त्यांच्या डोक्यात येत नाही.”

“आणि ही उत्तरेची घळ?”

“दगड नुसते. पाण्याचा थेंब नाही. तुम्ही दक्षिणेला जा.”

बाकी सारा बेत अचूक होता. डोंगर सरकारी, म्हणजे सर्वांचा. तिथे एखाद्याचे स्वतःचे असे काही असेल तर ती माहिती. आणि ज्याचा परवाना निघाला त्याला ती पूर्ण द्यायची, ही आमच्याकडची न लिहिलेली रीत. उत्तर घळीतला म्हातारा मेंढा लोवेल सहा उन्हाळे दुर्बिणीतून पाहत होता. परवाच त्याने शिंगांवरची वर्षांची वळी मोजली होती: बारावे चालू होते. त्या वयाचा मेंढा सहसा पुढचा वसंत पाहत नाही, हे त्याला माहीत होते. तरीही तो मेंढा आपल्या रांगेतला आहे असे त्याने ठरवून टाकले.

मत्सराला आपण दुसऱ्याच्या वस्तूची हाव समजतो. लोवेलला बहिणीचा परवाना नकोच होता. वाट पाहिल्याने हक्क उत्पन्न होतो, आणि वाट न पाहणाऱ्याचा आनंद त्या हक्कातून चोरलेला असतो, अशी त्याची धारणा होती. अशा माणसाला आपण खोटे बोललो असे वाटतच नाही. शिस्त राखली असे वाटते.

सप्टेंबरात नडीनने दक्षिणेकडे सात वर्षांचा एक मेंढा मारला आणि निम्मे मांस स्वतः लोवेलच्या दारात आणून दिले.

“तुझ्याशिवाय जमलं नसतं रे. तुझा नंबर लागला की ओझं मी वाहणार, गस नाही. तो अर्ध्या वाटेत बसतो.”

तिच्या आनंदाला कुठेच उणेपण नव्हते. लोवेलला हेच सोसवले नाही. ते मांस त्याने शेजाऱ्यांना वाटून टाकले.

हिवाळा लांबला. जूनमध्ये उत्तर घळीत वितळत्या बर्फाखाली त्याला त्या म्हाताऱ्या मेंढ्याचे डोके सापडले. दात हिरड्यांपर्यंत झिजलेले, शिंगे मात्र शाबूत. वनखात्यात नोंद करून त्याने ते घरी आणले.

नडीन पाहायला आली. शिंगाच्या बुडाला दोन्ही हातांची कव घालून पाहिली. बोटे एकमेकांना पोचली नाहीत.

“बाई गं! हा कुठे होता?”

“वर.”

“मी गेले तेव्हा होता?”

“मेंढ्यांना पाय असतात, नडीन.”

ती हसली. “माझं नशीब सोडतीतच संपलं म्हणायचं!”

पुढेही ती अर्ज करत राहिली. तिला पुन्हा परवाना लागला नाही, लोवेलला एकदाही नाही. उत्तर घळीची गोष्ट त्याने तिला सांगितलेली नाही. तिचे तेवढे येणे त्याच्याकडे अजून बाकी आहे.