मामा धोमच्या पाण्यावर उभे राहिले

गेल्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी माझ्या बायकोचे मामा धोम धरणाच्या पाण्यावर उभे राहिले आणि एकोणीस मिनिटांनी पलीकडच्या काठाला लागले. वेळ मी घड्याळावर मोजली. वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या बातम्या तपासण्यात माझं आयुष्य गेलं. पण इतका सतत खरं बोलणारा आणि इतक्या कमी लोकांना खरा वाटणारा दुसरा माणूस मला सातारा-सांगली पट्ट्यात आढळलेला नाही.

मामा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. वाईच्या पुढे, धरणाच्या काठाला त्यांचं गाव आहे. ते कुठलीही गोष्ट तपशिलासकट सांगतात. बर्फात बूट गोठला तर कुठल्या पायाचा, अस्वल आलं तर कुठल्या बाजूनं. चहा घेणार का विचारलं तर ‘अर्धा कप, साखर कमी, पाच मिनिटांनी’ असा अहवाल देतात. मामी गच्चीवर सांडगे घालतात तेव्हा मामा मागून जाऊन ते सरळ रांगेत आणतात. एकदा एक सांडगा रांगेबाहेर गेला म्हणून त्यांनी सगळी ओळ पुन्हा लावली होती.

अशा माणसाची एकच गोष्ट कुणी मानत नव्हतं. जवान असताना एका तलावावर साहेबांच्या विंडसर्फिंगला एक माणूस कमी पडला. मामांना फळीवर चढवण्यात आलं आणि ते हातात शीड धरून, वल्हं नाही, इंजिन नाही, नुसत्या वाऱ्यावर उभ्यानं पाणी कापत गेले. गावात ही गोष्ट निघाली की कुणीतरी म्हणायचं, “मामा, आता चंद्रावर गेलेलं बी सांगून टाका.” मामी तर नवऱ्याचं अस्वल मानत होत्या, बूट मानत होत्या; इथं मात्र थांबायच्या. “बाकी समदं खरं आसंल. ह्ये तेवढं चारचौघांत सांगू नगा.” माझ्या मेव्हणीच्या लग्नात, भर पंगतीत, त्यांनी हे वाक्य उच्चारलं. मामांनी हातातली जिलेबी ताटात ठेवली. गावाच्या हसण्याचं त्यांना काही नव्हतं. मामींनी एकदा ‘व्हय’ म्हणावं, एवढ्यासाठी त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर तसली जुनी फळी शोधायला घेतली.

त्यांनी एका कागदावर फळी आणि शिडाचं चित्र काढलं आणि भेटेल त्याला दाखवायला सुरुवात केली. वाईच्या औषधवाल्यानं विचारलं, “कुठलं हाड मोडलंय?” फलटणच्या एका निवृत्त सुभेदारांनी कागद उलटा धरून तो नांगर असल्याचं खात्रीनं सांगितलं. मामांनी चिडून न जाता त्यांना नांगराचा फाळ कुठे आहे ते दाखवायला सांगितलं. सुभेदारांनी दाखवला.

फळी शेवटी पाचगणीला, एका स्ट्रॉबेरीवाल्याच्या शेडमध्ये सापडली. दोन पिंपांवर आडवी टाकून तिच्यावर फळं निवडायचं काम चालू होतं. कुठल्याशा शाळेच्या भंगारातून त्याच्या वडिलांनी ती आणली होती. पाण्यात फळी घसरू नये म्हणून खाली पातं उतरवायला तिच्या मधोमध एक चीर असते. त्या चिरेतून नासकी फळं खालच्या बादलीत टाकायची सोय झाली होती, त्यामुळे मालक सोडायला तयार नव्हता. “ह्ये नेलंसा तर मी काय मांडीवर निवडू?” मामा घरी आले, न्हाणीचं दार बिजागऱ्यांसकट काढलं, करवतीनं त्याला मापात चीर पाडली आणि बदली म्हणून पोचवलं. मामी तेव्हा देवळात गेल्या होत्या.

शीड सांगलीत मिळालं. एका व्यापाऱ्यानं ते हळदीच्या पोत्यांवर झाकलं होतं. नव्या ताडपत्रीच्या बदल्यात त्यानं ते आनंदानं दिलं. मूळ रंग कुठला होता ते आता सांगता येत नाही. न्हाणीला दार नसल्यामुळे पिवळं शीड तिथे पडदा म्हणून लागलं. जुन्या शिडाला मधोमध पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी असते.

“ही काच कशापायी?” मामींनी विचारलं.

“समोरनं कोण येतंय ते दिसाय पायजे.”

“आवं, समोरच्याला बी दिसतं की!”

दुसऱ्या दिवसापासून खिडकीवर टॉवेल आला.

डोलकाठी नव्हती. पाटणकडचा एक बांबू शिडाच्या बाहीत घालून बघितला, तो बसला. हातात धरायची दांडी वेल्डरनं दोन पाइप वाकवून केली. अडलं ते सांध्यावर. डोलकाठी फळीवर कुठल्याही बाजूला झुकली पाहिजे, नाहीतर माणूस शिडासकट पालथा होतो. ट्रॅक्टर मेकॅनिकनं आधी ट्रॅक्टरचा सांधा बसवला. तो इतका जड होता की फळी उचलायला चार माणसं लागली. मग जुन्या जीपच्या स्टिअरिंगचा सांधा लागला. मामांनी डोलकाठी आठ दिशांना झुकवून पाहिली आणि मेकॅनिकला सॅल्यूट केला.

पहिल्या रविवारी फळी काठावर आली. मामी पूजेचं ताट घेऊन हजर होत्या. मी आश्चर्य दाखवल्यावर म्हणाल्या, “इश्वास न्हाई त्यो न्हाई. पन नवी गाडी पुजल्याबिगर चालवायची न्हाई.” हळदकुंकू झालं. चाकाखाली ठेवायचं लिंबू, चाक नसल्यामुळे, पात्याखाली ठेवलं. मग मामींनी नारळ फळीच्या टोकावर आपटला. नारळ शाबूत राहिला. फळी फुटली.

मामा भोकात बोट घालून म्हणाले, “नारळ बारका घ्याय पायजे हुता.” मामी ताट घेऊन घरी गेल्या. भोक मेकॅनिकनं ट्यूबचा तुकडा आणि पुट्टी लावून बुजवलं, ते वाळलं का, हे बघायला मामी आठवडाभर दिवसातून तीनदा गोठ्यात जात होत्या, असं मामांनी मला फोनवर कळवलं.

दुसऱ्या रविवारी मामींनी नारळ काठावरच्या दगडावर फोडला. मामांच्या पाठीला, विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोरांना बांधतात तसा, रिकामा कॅन बांधला. मामा सात वेळा पडले. आठव्या वेळी दोरीनं शीड ओढून वर घेतलं, गुडघे वाकवले आणि ते उभे राहिले. वारा भरला. फळी निघाली.

“मामा, आता वळा!” मेकॅनिक ओरडला. मामा वळले नाहीत. लहान होत गेले.

“वळत का न्हाईत?”

“मिल्ट्रीत पल्याडनं माघारी आनाय बोट जात आसंल,” मामी म्हणाल्या. नजर त्यांनी पाण्यावरून काढली नाही.

ते खरं निघालं. वळायचं शिकवणार होते दुसऱ्या दिवशी. त्याआधी मामांची बदली झाली होती.

मी मामींना गाडीत घेऊन धरणाला वळसा घालून पलीकडे पोचलो. सव्वा तास लागला. मामा पाण्याशी बसून शीड धूत होते. काठावर म्हशी राखणारा एक माणूस उभा होता. त्यानं मामींना विचारलं, “आवं, ह्ये कोन? पान्यावर हुबं ऱ्हाऊन आलं! म्हशी बुजल्या माज्या.”

“आमचं मालक हायती,” मामी म्हणाल्या. “मिल्ट्रीत असल्यापास्नं जात्यात आसं. त्यात काय येवडं?”

मामांच्या कानात पाणी गेलं होतं. त्यांनी मला जवळ बोलावलं. “जावईबापू, काय म्हनाली ती?”

मी शब्दशः सांगितलं. मामांनी डोकं तिरपं करून तळव्यानं कानातलं पाणी काढलं आणि पुन्हा एकदा सांगायला सांगितलं. मी सांगितलं.